कपाटात समुद्र, दाराबाहेर माळ: सोलापुरातल्या एका महाविद्यालयीन संग्रहालयाचं प्रकरण

सोलापुरातल्या एका जुन्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागाचं संग्रहालय आहे. प्रयोगशाळेच्या मागे लांबट खोली, दोन्ही भिंतींना सागवानी कपाटं, कपाटांत बरण्या आणि सगळ्यांवर फॉर्मालिनचा डोळे चुरचुरवणारा वास. महाविद्यालय कोणतं आणि माणसं कोण, हे इथे मुद्दाम सांगितलेलं नाही. त्याची गरजही नाही, कारण अशी खोली महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या गावी सापडते. या खोलीत पुढे काय घडलं, ते मात्र सगळीकडे घडत नाही.

खोलीत काय होतं, ते आधी पाहू. स्पंज, प्रवाळ, तारामासा, समुद्रघोडा, एका बरणीत मुशीचं पिल्लू, एकीत गुंडाळून बसलेला ऑक्टोपस. पुढे बेडूक, साप, वटवाघूळ आणि शेवटी सशाचा सांगाडा. सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळणाऱ्या जिल्ह्यात निम्मं संग्रहालय समुद्राचं होतं. यात कुणाचा दोष नाही. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम संघवार, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटांनुसार, चालतो आणि तारामासा ज्यात येतो त्या कंटकचर्मी संघातले सगळेच प्राणी समुद्रात राहतात. मग तारामासा बाहेरून विकत आणण्यावाचून इलाज काय? नमुने पुरवणाऱ्या दुकानदाराची यादी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतले ‘स्पॉट’, म्हणजे ओळखायला ठेवलेले नमुने, यांच्या संगनमतानं कपाटं भरत गेली. विद्यार्थी वर्षातून एकदा यायचे, बरण्यांवरची नावं पाठ करायचे, जर्नलात चित्र काढायचे आणि पदवी घेऊन जायचे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन बंद करायला सांगितल्यावर तर प्रयोगशाळेत प्राणी येणंच थांबलं. तेव्हा खोलीचं महत्त्व वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात ती अडगळीची खोली झाली.

खोली उघडली ती नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, समितीमुळे. समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, तसा तो इथेही लागला. मूल्यांकनात समाजासाठी केलेल्या विस्तार कार्याला गुण असतात, म्हणून कुणीतरी सुचवलं की २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, संग्रहालय लोकांसाठी खुलं करावं. बार्शी रस्त्यावरच्या, म्हणजे नान्नजच्या बाजूच्या काही गावांतून राष्ट्रीय सेवा योजनेच्या ओळखीनं माणसं आली. पूर्व भागातल्या एका शाळेची मुलं आली. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरची ही मुलं, त्यातली निम्मी आपसात तेलुगू बोलणारी. सुरुवात इतकी सरकारी होती, हे नोंदवून ठेवायला हवं. चांगल्या कामाची सुरुवात चांगल्याच हेतूनं व्हावी लागते, असं काही नाही.

त्या दिवशीची दोन वाक्यं विभागात अजून सांगितली जातात. एका धनगर आजोबांनी सगळी कपाटं शांतपणे पाहिली आणि विभागप्रमुख मॅडमना विचारलं, “बाई, ह्यात समदा समुद्रच हाय की ओ. आमचा माळ कुठंय?” दुसरं वाक्य एका तरुण शेतकऱ्याचं, आणि ते रागाचं होतं. “ज्या पक्ष्यापायी आमच्या जमिनी अडकल्या, तो तरी दाखवा.” दाखवायला काय होतं? भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावर माळढोकाचं चित्र.

हा राग कुठून आला, हे समजल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही. सोलापुरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. अख्खा सोलापूर जिल्हा पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आत बसतो, यावरून त्या आकड्याचा अंदाज यावा. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. प्रत्यक्षात पक्ष्याच्या उपयोगाचं गवताळ रान म्हणजे अधूनमधून विखुरलेले तुकडे होते. पण जमिनीचे व्यवहार, बांधकाम, उद्योग या सगळ्यांच्या वाटेत अभयारण्य हा शब्द येऊन उभा राहिला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या लांबलचक प्रक्रियेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर एक पिढी माळढोकाला शिव्या घालत मोठी झाली होती आणि त्यातल्या बहुतेकांनी तो पक्षी कधी पाहिलाही नव्हता.

पक्षी तसा बघण्यासारखा. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. मोर राष्ट्रीय पक्षी ठरला त्या काळात पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी माळढोकाचा आग्रह धरला होता. आज देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. सोलापुरात तो दिसणं ही आता बातमी होते. कारणं एकापेक्षा अधिक आहेत. उजनी धरणाचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस आला. नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी विकसित केलेलं सोनाका हे द्राक्षाचं वाण देशभर गेलं आणि माळाला लागून बागा उभ्या राहिल्या. विजेच्या तारा वाढल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारा त्याचा जीव घेतात. भटकी कुत्री अंडी सोडत नाहीत. माळावर गवताऐवजी झाडं लावण्याच्या हौसेचाही यात वाटा आहे. ओसाड दिसतं म्हणजे पडीक, अशी आपली समजूत, आणि तिला शिकलेली माणसंही अपवाद नाहीत.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. सोलापूरकरांची माळढोकाशी ओळख झाली ती कायद्याच्या कागदावर. आधी ओळख आणि मग नियम, असा क्रम असता तर वाद टळले असते असं मी म्हणत नाही. जमिनीचे वाद ओळखीनं मिटत नाहीत. पण वाद घालणाऱ्याला आपण कशाबद्दल भांडतोय हे तरी ठाऊक असतं. ही ओळख करून देण्याचं काम निसर्ग संग्रहालयाचं आहे, आणि सोलापुरात ते करायला एक अडगळीची खोली होती.

आजोबांच्या प्रश्नावर विभागात बरीच चर्चा झाली. एक गट म्हणाला, पेंढा भरलेला माळढोक कुठून मिळवता येईल का पाहू. सुदैवानं हा विचार लवकर मागे पडला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथे अगदी स्पष्ट आहे: वन्य प्राण्याचा अवयव तर सोडाच, पक्ष्याचं अंडं किंवा घरटं हलवणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. ‘मुलांनो, सुट्टीत घरटी गोळा करून आणा’ असं सांगणारे शिक्षक अजून आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. विभागानं आधी आपल्याकडच्या जुन्या नमुन्यांची यादी करून वनविभागाला लेखी कळवली, नव्यानं काय गोळा करायचं आहे त्याची परवानगी मागितली, आणि मग सर्वांत बिनधोक गोष्टीपासून सुरुवात केली. ती गोष्ट म्हणजे गवत.

गवताचं कपाट हा या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. पद्धत जुनीच होती. पावसाळ्याच्या शेवटी तुरे आलेलं गवत मुळासकट काढायचं, वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबायचं, दमट झालेले कागद बदलत राहायचं, वाळलं की साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाके घालून बसवायचं. वनस्पतिशास्त्र विभाग शेजारीच होता. इतक्या वर्षांत दोन्ही विभागांचा चहा एकत्र झाला होता, काम एकत्र झालं नव्हतं. नवी गोष्ट होती ती चिठ्ठीत. नेहमीच्या चिठ्ठीवर शास्त्रीय नाव, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. इथे आणखी एक रकाना आखला: ‘मेंढपाळ काय सांगतो’. तो भरायला आजोबांना बोलावलं. कुसळी कोवळी असेतो मेंढ्या खातात, पण कुसळं पिकली की लोकरीत शिरतात, कातडीत रुततात, तोंडाला जखमा करतात; तेव्हा त्या रानात कळप घालायचा नाही. पवन्या आणि मारवेल मिळाली तर जनावर दुसरीकडे तोंड घालत नाही. कुठलं गवत आधी संपलं तर समजायचं की त्या माळावर चराई जास्त झालीय. हे शेवटचं वाक्य गवताळ प्रदेशाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञही म्हणतो. तो त्यासाठी चौकटी आखून गवत मोजतो, आजोबा कळपामागून चालताना बघतात.

कुणी म्हणेल, ही लोकज्ञानाची हौस झाली. मला तसं वाटत नाही. मूळचे सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यातली सगळी नोकरी विदर्भाच्या आणि इतर रानांत करत असताना आदिवासींकडून पक्ष्यांची, झाडांची नावं आणि सवयी टिपून घेत राहिले. मराठीत पक्ष्यांबद्दल नेमकं बोलता येतं, यात त्या टिपणांचा वाटा मोठा आहे. २०२५ मध्ये ते गेले, सोलापुरातच. त्यांनी जे एकट्यानं केलं, ते एखाद्या जिल्ह्याच्या संग्रहालयानं करायला काय हरकत आहे?

चिठ्ठीचं महत्त्व विद्यार्थ्यांना पटवणं मात्र अवघड गेलं. जुन्या बरण्यांवर नाव, संघ, वर्ग एवढंच होतं; नमुना कुठला आणि कधीचा, याचा पत्ता नाही. असा नमुना परीक्षेला चालतो, विज्ञानाला फारसा उपयोगी पडत नाही. मॅडम याचं एक उदाहरण देत. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी जमवलेली ससाण्याची अंडी संग्रहालयांत पडून होती. १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञानं जुन्या-नव्या अंड्यांची तुलना केली, तेव्हा दिसलं की दुसऱ्या महायुद्धानंतर कवचं पातळ होत गेली आहेत. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा हा परिणाम होता. ही तुलना जमली ती चिठ्ठीवर साल होतं म्हणून. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या घरातल्या मुलांना हे उदाहरण लगेच भिडलं. बाकीच्यांनी ते परीक्षेसाठी लिहून घेतलं.

दुसरं कपाट अचानक हाती लागलं. महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहत होती. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस यांचा गोळा करून ओकून टाकतं. वनविभागाला कळवून हे गोळे जमा केले, निर्जंतुक केले आणि शाळेच्या मुलांपुढे चिमट्यांसकट ठेवले. मुलांनी एकेका गोळ्यातून उंदरांच्या कवट्या वेगळ्या काढल्या. अशुभ म्हणून ज्याला दगड मारतात, तो पक्षी रात्रभरात किती उंदीर संपवतो, हे कुणी भाषण देऊन सांगावं लागलं नाही. इथे काचेला काही काम नव्हतं. सलीम अलींची गोष्ट अनेकांना माहीत असते: लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि मिलार्ड नावाच्या साहेबानं त्यांना कपाटांचे खण उघडून पक्षी दाखवले. ज्या सोसायटीचे ते खण होते, तिच्या १८८३ मधल्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, हे आपण सहसा विसरतो. गोष्टीत सगळे चिमणीकडे बघतात. मला खण उघडणारा माणूस महत्त्वाचा वाटतो.

आमच्या प्रकरणात खण उघडणारा माणूस म्हणजे प्रयोगशाळा परिचर. सगळे त्यांना मामा म्हणतात. लोक सर्वांत जास्त थांबले ते मामांच्या सापांपाशी, आणि याचा अंदाज कुणालाच नव्हता. उन्हाळ्यात-पावसाळ्यात गावाकडून माणसं मोबाइलवर फोटो घेऊन येऊ लागली: “मामा, हे विषारी हाय का?” नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं सगळ्यांना पाठ असतात, पण प्रत्यक्षात मारला जातो तो बहुधा मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्या. मामा दोन बरण्या शेजारी ठेवून दाखवतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीनं येतात, डोक्यापासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. बरणीत साप वर्षानुवर्षं राहिला की रंग उडतो, म्हणून शेजारी जिवंत सापाचा फोटो लावलेला आहे. आणि खाली मोठ्या अक्षरांत: साप ओळखण्यात वेळ घालवू नका, पकडायला जाऊ नका, चावला असेल तर थेट सरकारी दवाखाना गाठा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, लक्षणं उशिरा येतात. तेव्हा ‘काही होत नाहीये’ म्हणून सकाळची वाट बघू नका. अडगळ ठरलेल्या बरण्या गावाच्या कामाला आल्या त्या अशा.

बरण्यांमधलं फॉर्मालिन काढून अल्कोहोल भरायचं ठरलं. फॉर्मालिनची वाफ कर्करोगाला कारण ठरू शकते, आणि खोलीत आता लहान मुलं येत होती. पण महाविद्यालयानं एवढं अल्कोहोल घ्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. त्या फाइलीचा प्रवास हे स्वतंत्र प्रकरण होईल. तूर्त सापांच्या बरण्या बदलल्या आहेत, ऑक्टोपस अजून फॉर्मालिनमध्ये आहे.

अभिप्राय वही त्यांनी बंद केली, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. ‘अतिशय सुंदर व माहितीपूर्ण उपक्रम’ हे वाक्य किती वेळा वाचायचं? त्याऐवजी दाराशी प्रश्न वही ठेवली. त्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही प्रश्न आले. सोलापुरात हे व्हायचंच. काही प्रश्न असे होते: संभाजी तलावावर पूर्वी दिसायचे ते पक्षी आता कमी का? काळविटं शेतात येतात, त्यांना हाकलणं गुन्हा आहे का? लांडगा माणसावर येतो का? माळढोक परत येईल का? उत्तर महिन्याभरात फळ्यावर लिहायचं, आणि उत्तर माहीत नसेल तर तसं लिहायचं, असा नियम आहे. काळविटाच्या प्रश्नाचं उत्तर वनविभागाच्या कर्मचाऱ्यानं येऊन दिलं आणि पिकांच्या नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा तेही सांगितलं. त्या दिवशी खोलीत उभं राहायला जागा नव्हती.

रागावलेल्या तरुण शेतकऱ्याचं काय झालं? त्याच्यासाठी म्हणून, आणि खरं तर त्याच्याच आग्रहानं, माळढोकाच्या कपाटात दोन नकाशे लावले गेले. एक ८,४९६ चा, एक १,२२२ चा. खाली दोन मजकूर. एकात पक्षी का कमी झाला ते, दुसऱ्यात अभयारण्याच्या हद्दीत राहणं म्हणजे काय होतं ते, शेतकऱ्याच्या शब्दांत. प्राचार्यांना दुसरा मजकूर नको होता. महाविद्यालय वादात पडेल, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. पण विभाग अडून बसला, आणि माझ्या मते या सगळ्या उपक्रमातलं सर्वांत धाडसाचं काम हेच. निसर्ग संग्रहालयात माणसाची तक्रार लावायची नसते, असा एक अलिखित संकेत आहे. वाघ असतो, हरिण असतं, पाणवठा असतो. त्या पाणवठ्यावर गुरं नेणारा माणूस मात्र चित्रातून गायब असतो. इथे तो चित्रात आला. आता शेतकरी आपल्या पाहुण्यांना घेऊन येतो आणि आधी दुसरा मजकूर वाचून दाखवतो. पहिलाही वाचतो की नाही, हे मामा सांगत नाहीत.

गड्ड्यातला प्रयोग मात्र फसला, असं विभाग मानतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि होम मैदानावर पुढे बरेच दिवस गड्डा चालतो; पाळणे, मौत का कुआँ, भांडी, खेळणी, भजी. तिथे एक गाळा घेऊन माळाचं छोटं प्रदर्शन मांडलं. गर्दी सापाच्या बरणीभोवती सेल्फीपुरती जमली, गवताच्या कागदांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि शेजारच्या पाळण्याच्या भोंग्यापुढे विद्यार्थ्यांचा आवाज बसला. तरी त्यानंतर संग्रहालय कुठे आहे असं विचारत येणाऱ्यांत गड्ड्यातून आलेली माणसं होती, हे मामांच्या वहीत दिसतं. फसला म्हणण्याची घाई करू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. मॅडम निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली गेलेली नाही. गवताचं आणि घुबडाचं बरंचसं काम ज्या तरुण प्राध्यापिकेनं केलं, त्या तासिका तत्त्वावर आहेत. तासांचे पैसे मिळतात, कपाटांचे नाही. मामांची निवृत्ती जवळ आली आहे. प्रश्न वहीवरची उत्तरं आता महिन्याऐवजी दोन-दोन महिन्यांनी लिहिली जातात. केगावच्या विज्ञान केंद्राशी किंवा विद्यापीठाशी जोडून घ्यावं, म्हणजे खोली एका माणसावर अवलंबून राहणार नाही, असं काहींचं म्हणणं आहे. मामांचा याला विरोध आहे. कपाटं केगावला गेली, तर फोटो घेऊन येणाऱ्या माणसाला शहर ओलांडून तिथवर जावं लागेल आणि तो जाणार नाही, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण पगाराचं उत्तर त्यात नाही.

दरम्यान पुढच्या कपाटावरून भांडण चालू आहे. तरुण प्राध्यापिकेला त्यात ऊस ठेवायचा आहे: माळाच्या जागी काय आलं, त्याला किती पाणी लागतं, त्यातून घरात काय आलं. निम्मे विद्यार्थी ऊस लावणाऱ्या घरांतले आहेत. एकानं सरळ विचारलं, “मॅडम, म्हणजे आमच्या बापाला आरोपी करणार का?” दुसऱ्यानं कारखान्याची पावती आणून देतो म्हटलं, पण अट घातली: खाली लिहायचा मजकूर त्याचे वडील लिहितील. प्राध्यापिकेनं अट मान्य केली आहे. मजकूर अजून आलेला नाही.